परतीची वेळ

एकतीस वर्षं गणेशपेठ डेपोत
मी वेळापत्रकं आखली.
काटोल, सावनेर, उमरेड, भिवापूर,
कुठली गाडी कुठल्या फाट्यावर किती मिनिटं घुरघुरत उभी राहील
हे झोपेतही पाठ.
समुद्र मात्र माझ्या कुठल्याच फलाटाला लागला नाही.
झिरो माइलच्या खांबावरसुद्धा
गावं कोरली आहेत, मैल कोरले आहेत,
समुद्र किती दूर, ते कोरायला कुणी छिन्नी उचलली नाही.

आता मे महिन्यात लेकीकडे जायचं.
ऋजुता राहते तिथे एका बाजूला खारं पाणी
आणि दुसऱ्या बाजूला टेकड्यांच्या अंगावर
भांग पाडल्यासारख्या द्राक्षांच्या ओळी.
तिला सुट्टी शनिवार-रविवारची.
बाकी पाच दिवस, ती म्हणाली, बाबा, तुम्हीच ठरवा,
सकाळी निघा, संध्याकाळी घरी या.

मग जुनं रजिस्टर काढलं, लाल-निळी पेन्सिल काढली.
मार्चअखेरची दुपार, कूलरला नव्या ताट्या, वाळ्याचा ओला वास,
आणि त्रिमूर्तीनगरच्या या टेबलावर
न पाहिलेल्या किनाऱ्याचे रस्ते मोजू लागलो.

सोमवार: नऊला निघणे. दीपगृह. चहा, वीस मिनिटं.
वीस कमी आहेत, हेमलता म्हणते,
तिथला चहा चहा वाटेपर्यंतच वीस जातील.
मंगळवार: वाईनचा मळा, एकच,
कारण दोन ठिकाणी घोट घेतला
तर परतीचा रस्ता सरळ कोण पकडणार.
बुधवार: गुडघ्यांसाठी राखीव.

तिला वाचून दाखवलं,
तिथे म्हणे चाखायचं, तोंडात घोळवायचं
आणि भांड्यात थुंकून टाकायचं.
मेथी निवडता निवडता ती थांबली.
‘थुंकाचंच होतं त पैसे काहून द्याचे बाप्पा?’
मग जरा वेळानं, दाराची कडी लावून,
शेजारच्या खोब्रागडे वहिनी जशा काही टपूनच आहेत,
‘दाखवा बरं, कसं करतात ते.’

कॉटन मार्केटच्या संत्र्यांचा रस,
स्टीलचा पेला, मांडीवर टॉवेल.
तिनं पेला फिरवला, जरा जास्तच.
दोन थेंब रजिस्टरवर, गुरुवारावर.
हुंगलं. डोळे मिटले.
‘मृगाचा बहार,’ ती म्हणाली.
‘काटोलकडचा नोहे. वरूडकडचा असन.
झाडाले ताण बरोबर दिला,
अन् तोडला चार दिवस उशिरा.’
थुंकली नाही. गिळला.

हिच्या माहेरी संत्र्याची साठ झाडं होती, मला ठाऊक होतं.
ती विकली त्याच उन्हाळ्यात आमचं लग्न झालं, हेही.
झाडं गेली.
जीभ इथे, माझ्यासमोर,
बेचाळीस वर्षं वरण-भात खात बसली होती.

गुरुवारचं पान आता चिकट आहे.
तिथे संग्रहालय लिहिलं होतं, खोडलं.
लिहिलं: आणखी एक मळा, लहानसा.
हेमलताला मालकाशी बोलू द्यावं.
भाषा येत नाही, चालेल.
वेलीला हात लावला की तिचं तिचं सुरू होतं.

उरला शुक्रवार.
सकाळी साडेसात: समुद्र.
भरतीची वेळ, ओहोटीची वेळ
तिथे छापून मिळते, ऋजुतानं पाठवली आहे.
सात वाजून बेचाळीस. एक वाजून एकोणसाठ.
आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या वेळापत्रकाचा हेवा वाटला.
माझी उमरेडची गाडी कधी अशी आली नाही.

परतीच्या रकान्यावर पेन्सिल टेकवून बसलोय.
कूलरमधलं पाणी संपत आलंय, पंख्याचा आवाज कोरडा.
‘लिहा ना काही तरी,’ ती आतून म्हणते, बादली भरता भरता,
‘अन् तिथं संत्री भेटतात का, इचारून घ्या पोरीले.
नसन भेटत त चार नेता येतीन.’

रकाना तसाच सोडून
सामानाच्या यादीत लिहितो: संत्री, चार.
विमानातून तिथे फळं नेऊ देत नाहीत.
ते उद्या सांगेन.